परत आलेली चार अंडी

काल संध्याकाळी माझी चार अंडी परत आली.

संपादकाकडून कविता परत येते तेव्हा निदान दोन ओळींची चिठ्ठी असते. इथे स्टीलचा डबा, आमचं फाटक, इस्त्रीवाल्याची हातगाडी, सायकलवरून एक पाय खाली टेकवून उभा राहिलेला दूधवाला, आणि डबा पुढे करून उभे असलेले समोरचे काकाजी. म्हणाले, "हे बदलून द्या."

अंडी फुकट दिलेली होती. हे इथेच सांगून टाकतो, कारण नंतर सांगायला गेलो की माझा आवाज चढतो.

आम्ही नागपुरात मानेवाड्याकडच्या एका लेआउटमध्ये राहतो. घरामागे थोडी मोकळी जागा, तिथे शेवग्याचं झाड आणि झाडाखाली खुराडं. दीड वर्षापूर्वी बुधवार बाजारातून सहा पिल्लं आणली. सहाच्या सहा तलंगा आहेत, एक जरी कोंबडा निघाला तर नाव बदलून टाकीन, अशी विकणाऱ्याने शपथ घेतली. साडेचार महिन्यांनी त्यातल्या एका तलंगेने पहाटे पावणेचारला बांग दिली. विकणाऱ्याचं मूळ नाव मी विचारलंच नव्हतं, त्यामुळे त्याने ते बदललं की नाही हे कळायला मार्ग नाही.

मुलीने त्या कोंबड्याचं नाव 'साहेब' ठेवलं. साहेब पावणेचारला उठतात. मागच्या गल्लीतले लोक म्हणतात, नवीन एलईडी दिव्यामुळे त्याला पहाट झाल्यासारखं वाटतं. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिलं की कोंबड्याच्या अंगातच घड्याळ असतं, अंधारात कोंडला तरी तो वेळेवर आरवतो. मी हे गल्लीतल्या एकाला सांगितलं. तो म्हणाला, "मग त्या घड्याळाचा सेल काढा न."

असो. मुद्दा काकाजींचा आहे.

काकाजी एका सरकारी खात्याच्या लेखा शाखेतून निवृत्त झाले. घर पूर्ण शाकाहारी, पण डॉक्टरांनी प्रथिनं सांगितली म्हणून काकाजी एकटे अंडं खातात. काकूंनी परवानगी दिली ती अटींवर. अंडं स्वयंपाकघरात येणार नाही, फ्रिजमध्ये जाणार नाही. मागच्या गॅलरीत एक शेगडी, अंड्यासाठी वेगळा गंज (म्हणजे पातेलं), आणि अंडं खाल्ल्यावर काकाजी हात धुऊनच आत. सोमवारी महादेव, गुरुवारी गजानन महाराज, शनिवारी मारुती, शिवाय एकादशी आणि चतुर्थी. उरलेल्या दिवसांत ते अंडं खातात, आणि ते माझ्याकडचं असतं. गेले आठ महिने आठवड्याला चार. एक रुपया नाही, मूठभर ज्वारी नाही, दिवाळीला चिवडासुद्धा नाही.

मी एकदा हिशेब मांडला होता. खाद्याचं पोतं, जाळी, पाण्यात घालायची पावडर, आणि मानमोडीवरची लासोटा लस. ही लस डोळ्यात एक थेंब, नाकात एक थेंब अशी देतात. बाटली मिळते निदान शंभर मात्रांची, माझी हिवाळ्यात निघालेली पिल्लं सात. एकदा कालवली की ठेवता येत नाही, म्हणजे त्र्याण्णव कोंबड्यांची लस मी मोरीत ओतली. हे सगळं धरून मला माझं एक अंडं अठरा रुपयांना पडतं. कोपऱ्यावरच्या दुकानात निम्म्याहून कमी. हिशेबाचा कागद बायकोने पाहिला. ती काही बोलली नाही, कागद फक्त फ्रिजवर लावला.

तर काल. "बदलून द्या" म्हणताच मला वाटलं, एखादं नासलं असेल. उन्हाळा आहे, होतं. मी म्हटलं, "फुटलं का काकाजी?"

"फुटलं नाही. तुम्ही पहिले तो लाइट बंद करा."

मी पोर्चचा दिवा बंद केला. कशासाठी, ते मला आताही सांगता येणार नाही. काकाजींचा आवाजच ऑडिटचा आहे. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, टॉर्च लावला, आणि एक अंडं त्यावर उभं धरलं. इस्त्रीवाला इस्त्री उभी करून पुढे आला. दूधवाल्याने सायकल स्टँडवर लावली.

"हे पाहा, काही नाही." पहिलं अंडं डब्यात. "हे पाहा, काही नाही." दुसरं डब्यात. मग तिसरं. "आता हे पाहा."

पाहिलं. नारिंगी उजेडात बारीक लाल रेषा होत्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. सातव्या दिवशी खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या, कोंबडीखालची अंडी मी अशीच उजेडावर धरून पाहतो, आणि ती जाळी दिसली की मला फार आनंद होतो. काल सवयीने तोंडातून निघून गेलं, "अरे वा!"

"अरे वा?" काकाजी म्हणाले. "अहो भाऊ, यात जीव आहे! मी शाकाहारी माणूस आहे!"

मला वाटतं, इथे मी माफी मागून टाकायला हवी होती. पण मला कोंबड्यांबद्दल माहिती द्यायची खोड आहे. म्हटलं, "काकाजी, कोंबडा आहे म्हटल्यावर अंडी फलित असणारच."

काकाजी थांबले. टॉर्च अंड्याखाली तसाच. "पण कोंबडा तर तुम्ही आरवायला ठेवला आहे न?"

दूधवाला खोकला.

मागच्या हिवाळ्यात काळी कोंबडी खुडूक झाली तेव्हा मी तिच्याखाली अकरा अंडी ठेवली होती. एकवीस दिवसांनी सात पिल्लं निघाली. (त्यातले चार कोंबडे. ते उमरेडच्या मावसभावाला दिले. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.) ती पिल्लं पाहायला काकाजी नातवाला घेऊन आले होते, एक पिल्लू तळहातावर घेऊन त्यांनी फोटोही काढला होता. पण ती पिल्लं आणि डब्यातली अंडी यांचा संबंध त्यांनी काल पहिल्यांदा जोडला. जोडताना चेहऱ्यावर दिसत होता.

"म्हणजे आधीचीही?"

"हो."

"आठ महिने?"

ओठ हलले. लेखा शाखेचा माणूस, पाठांतर पक्कं. "आठवड्याला चार, पस्तीस हप्ते. एकशे चाळीस." क्षणभर कोणीच काही बोललं नाही. मग ते स्वतःलाच म्हणाले, "जाऊ द्या. ते अनवधानाने झालं. अनवधानाला दोष नसतो." एकशे चाळीस अंड्यांची नोंद निर्लेखित झाली. उरली ही चार.

"आता यावर उपाय सांगा. कोंबडा कुठे झोपतो?"

"खुराड्यात. सगळ्यांसोबत."

"तेच तर! त्याला आजपासून वेगळा ठेवा. उद्याची अंडी आपोआप शाकाहारी."

"तसं होत नाही काकाजी. एकदा संबंध आला की पुढे दोन-तीन हप्ते कोंबडीच्या पोटात ते टिकून राहतं. कोंबडा काढला तरी तितके दिवस अंडी फलित येऊ शकतात."

"तीन हप्ते? बाप्पा! सुतक तेरा दिवसांत फिटते."

मी म्हटलं, मला काय करता येईल? आणि मग काकाजींनी जो प्रश्न विचारला, त्यावर मी रात्री दोनपर्यंत जागा होतो. शांतपणे, फाईलवर शेरा मारावा तसे ते म्हणाले, "बरं, तुमच्या कोंबड्यांपैकी अशी कोणती आहे, जिचं त्या कोंबड्याशी पटत नाही?"

"म्हणजे?"

"म्हणजे तिचीच अंडी मला देत जा."

माझ्या तोंडून शब्द निघेना. पण इस्त्रीवाल्याला होतं सांगायला. "ती पांढरी. ती त्याले जवळच येऊ देत नाही. चोच मारते. मी रोज पाहून राहिलो न."

"पाहा," काकाजी माझ्याकडे वळले. "याला माहीत आहे, तुम्हाला नाही."

यावर दूधवाला म्हणाला की पांढरी दिवसा चोच मारते, रात्रीचं काय सांगता येते? इस्त्रीवाल्याने पांढरीची बाजू घेतली. कोंबडीला रात्री दिसत नाही, अंधार पडला की ती हलत नाही, कोंबडाही हलत नाही, हे मी मध्ये घालून पाहिलं, पण माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. माझ्या फाटकाशी माझ्याच कोंबडीच्या चारित्र्यावर तिघेजण बोलत होते आणि मी अंधारात उभा होतो, कारण पोर्चचा दिवा लावायचा राहून गेला होता.

गिऱ्हाईक म्हणून काकाजी पहिल्यापासून असेच. मध्यंतरी मी एक कडकनाथ आणली. झाबुआची जात, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पिसं काळी, कातडी काळी, मांस काळं. काकाजी तिसऱ्याच दिवशी डबा घेऊन आले, "एक काळं अंडं द्या." कडकनाथचं अंडं काळं नसतं, फिकट मळकट पांढरं असतं. ते हातात घेऊन त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी साध्या कोंबडीचं अंडं तिच्या नावावर खपवतो आहे. फुकट खपवतो आहे!

आता त्या लाल जाळीचं खरं कारण सांगतो, कारण काल कोणी ऐकून घेतलं नाही. फलित अंडं साधारण २१ अंशांच्या खाली असलं की आतला जीव झोपून राहतो, वाढत नाही. कोंबडी त्याला ३७-३८ अंशांची ऊब देते म्हणून पिल्लू तयार होतं. काकाजींनी अंडी नेली मागच्या बुधवारी. गुरुवारी गजानन महाराज. शुक्रवारी एकादशी. शनिवारी मारुती. रविवारी माळकरी जावई जेवायला. सोमवारी महादेव. सहा दिवस ती अंडी मागच्या गॅलरीत, पत्र्याखाली, नागपूरच्या मे महिन्यात! तिथे दुपारी चाळीसच्या खाली पारा येतच नाही. त्या गॅलरीत अंड्याला कोंबडीची गरज काय? महाराज, मारुती आणि महादेव मिळून अंडी उबवत होते, आणि जाब मला.

"फ्रिजमध्ये ठेवली असती तर काही झालं नसतं," मी म्हटलं.

"फ्रिज शाकाहारी आहे," काकाजी म्हणाले.

आणि कोणाच्या उन्हाळ्याबद्दल बोलतो आहोत आपण? माझ्या कोंबड्यांनी या महिन्यात अंडी द्यावीत हाच पराक्रम आहे. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान ४१, बाहेर ४५. चोच उघडी टाकून दिवसभर धापा टाकते, त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, कवचासाठी लागणारं कॅल्शियम कार्बोनेट नीट बनत नाही, आणि अंडं येतं ते कागदासारख्या कवचाचं. मी खुराड्यावर ओली पोती टाकतो. दुपारी जेवायच्या सुट्टीत ऑफिसातून बर्फाची पिशवी घेऊन घरी येतो. जुना कूलर नवीन वाळा भरून मागे लावला आहे, आणि त्यामुळे आमच्या बेडरूममध्ये फक्त पंखा आहे. नवतपा, म्हणजे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, अजून लागायचाच आहे. बायको पाहुण्यांना सांगते, "यांच्या कोंबड्या कूलरमध्ये राहतात, मी खुराड्यात." पाहुणे हसतात. ती हसत नाही.

तरीही मी आत गेलो आणि ताजी चार अंडी आणून काकाजींच्या डब्यात ठेवली. का, ते विचारू नका. पांढरीची आहेत असं सांगितलं. पांढरीने गेल्या दहा दिवसांत एकही अंडं दिलेलं नाही. काकाजी डबा झाकून म्हणाले, "पुढच्या वेळी तारीख टाकत जा. पेन्सिलीने." इस्त्रीवाल्याने मान डोलावली. त्याच्याकडे माझे सहा शर्ट आहेत, म्हणून मी काही बोललो नाही.

बायको दारातच उभी होती. "मी पहिलेच म्हटली होती," एवढंच बोलली. पहिले काय म्हटली होती ते सांगितलं नाही. कुठल्याही प्रसंगाला लागू पडतं.

परत आलेल्या चार अंड्यांचं काय करावं? आमच्याकडची मामी नावाची तांबडी कोंबडी चार दिवसांपासून खुडूक आहे. रिकाम्या टोपलीत बसून गुरगुरते, हात घातला की मनगटावर चोच. माझी आत्या असती तर तिने खुडूक मोडायला नाकात पीस खुपसलं असतं. मी तिला रोज बादलीतल्या पाण्यात बुचकळतो, ती ओल्या अंगाने परत जाऊन बसते. भर उन्हाळ्यात अंडी उबवायला ठेवू नयेत हे मला कळतं. कधी गरम, कधी नरम झालेल्या अंड्यातला जीव बहुतेक धरत नाही हेही कळतं. पण रात्री दोनला उठलो आणि चारही अंडी मामीखाली सारली. तिने यावेळी चोच मारली नाही. एकेक अंडं चोचीने पोटाखाली ओढून घेतलं.

आज सकाळी फिरून येताना काकाजी फाटकाशी थांबले. त्यांना कसं कळलं ते माहीत नाही; इस्त्रीवाला सहाला येतो.

"ती आमची अंडी बसवली म्हणे?"

"हो."

"किती दिवस?"

"एकवीस. पण काही खरं नाही काकाजी, बहुतेक..."

"निघालंच पिल्लू, तर ते आमचं बरं का. नातू मागून राहिला. अंडं आमचंच होतं न."

मी फाटकाची कडी लावत विचारलं, "आणि कोंबडा निघाला तर?"

"मग तुमचा," काकाजी म्हणाले, आणि चालू लागले.