डिकी उघडी ठेवून सायकल नेणाऱ्यांनो

आज माझ्या पुढे एक गाडी होती. डिकी अर्धवट उघडी, दोरीने बांधलेली. सायकलचं मागचं चाक बाहेर लोंबतंय आणि मागच्या सीटवर दोन पोरं, हँडल त्यांच्या कानाशी. तेव्हापासून डोकं तापलंय.

उघड्या डिकीतून आपल्याच गाडीचा धूर आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पोरं पेंगली तर आपल्याला वाटणार, दमली असतील! आणि ती सुटी सायकल? १५ किलोची का असेना, ताशी ५० च्या वेगात धडक बसली की ती त्याच वेगाने पुढे जाते. ‘जवळच तर जायचंय’ हे मला ऐकवू नका.

आत न्यायचीच तर मागच्या सीटचा मोठा भाग पाडा आणि उरलेल्या जागेवर एकच माणूस बसवा. पुढचं चाक काढा, छोट्या गाडीत बहुधा दोन्ही. मागचं काढण्याआधी चेन सगळ्यात लहान चक्रावर आणा, म्हणजे चाक सहज सुटतं. आडवी ठेवलीत तर चेनची बाजू वर, नाहीतर डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) वाकतो आणि मग गिअर नीट पडत नाहीत. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक (तेलाच्या दाबाने चाकावरची चकती पकडणारा) असेल तर ब्रेकच्या दोन पॅडच्या मधे पुठ्ठ्याची जाड घडी घाला. चाक नसताना कुणी लिव्हर दाबला की पॅड जवळ येतात आणि डिस्क परत आत जात नाही. पेडल काढणार असाल तर डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, जोर लावून झिजवू नका. शेवटी फ्रेम डिकीतल्या लोखंडी कड्यांना बकलच्या पट्ट्यांनी दोन ठिकाणी आवळा. बंजी कॉर्ड, म्हणजे हुकवाली रबरी दोरी, ताणली जाते, तिच्या भरवशावर राहू नका.

मुलांना सायकलींसकट बाहेर न्यावंसं वाटतं, याचं मला मनापासून कौतुक आहे. त्या गाडीतल्या आईबापांनाही तेच हवं असणार. पण माणसं जास्त असतील तर सायकल बाहेरच्या रॅकवरच. पैसे जातात, मायलेज पडतं, मान्य.

डिकीवरच्या रॅकचे हुक धातूच्या कडेला लावा, काचेवरच्या प्लास्टिकच्या स्पॉयलरला (बाहेर आलेल्या पट्टीला) कधीच नाही. आधी धूळ पुसा, नाहीतर रंग खरवडलाच म्हणून समजा. सायकलचा टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर आला तर उष्णतेने खराब होतो. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जाता कामा नयेत. पाच-दहा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळा, ते सैल होतातच! टपावर न्यायची तर गाडीच्या पुस्तिकेत टपाची वजनमर्यादा बघा, रॅकचं वजनही त्यातच धरायचं. ई-सायकलची बॅटरी काढून आत ठेवा.

पोचल्यावर चाक बसवलं की क्विक रिलीज (पान्याशिवाय चाक सोडवायचा खटका) घट्ट आहे ना बघा, चाक उचलून फिरवा, ब्रेक दाबा. मुलांच्या सायकली आधी.