‘रात्री एकटा जाऊन दाखव बे’

सोलापूरच्या एका ग्रुपवर सध्या परदेशातल्या बंद पडलेल्या वेड्यांच्या इस्पितळांचे आणि क्षयरोग्यांच्या सॅनेटोरियमचे फोटो फिरतायत. पोपडे सुटलेल्या भिंती, गंजक्या खाटा, व्हरांड्यात एकटीच व्हीलचेअर. (ती दर फोटोत बरोबर मधोमध कशी सापडते कोण जाणे.) खाली कमेंट: ‘काटा आला’, ‘आत्मे भटकत असणार’, ‘रात्री एकटा जाऊन दाखव बे’.

माझं म्हणणं एवढंच की या जागांची भीती त्या भरलेल्या होत्या तेव्हा वाटायला हवी होती.

त्यातलं पेनहर्स्ट घ्या. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात बौद्धिक अपंगांसाठी १९०८ साली उघडलेली सरकारी संस्था. १९६८ मध्ये एका टीव्ही बातमीदाराने आतलं चित्रण दाखवलं, बांधून ठेवलेल्या मुलांसकट. १९७४ ला खटला उभा राहिला, १९७७ ला निकाल संस्थेच्या विरोधात गेला, १९८७ ला कुलूप लागलं. ती वास्तू ओस पडली कारण माणसं कोर्टात भांडली. आणि २०१० पासून तिथे तिकीट लावून भुताचा खेळ चालतो! सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या भूतबंगल्यात मीही ओरडलोय, पण तिथला सांगाडा पुठ्ठ्याचा असतो. इथे ज्यांना डांबलं होतं त्यांचीच भुतं करून विकतायत.

सॅनेटोरियमची गोष्ट तर चक्क चांगली आहे. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा मोकळी हवा, खुराक आणि महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहणं हाच उपचार. आपल्या जवळचं असं ठिकाण म्हणजे मिरजेचं वानलेसवाडी. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध सापडलं, मागून गोळ्या आल्या. १९५९ साली मद्रासच्या अभ्यासाने दाखवून दिलं की औषध नीट घेतलं तर गरिबाच्या दाटीवाटीच्या घरात राहूनही पेशंट जवळपास सॅनेटोरियममधल्याइतकाच बरा होतो आणि त्यामुळे घरच्यांना जास्त लागणही होत नाही. गिरणीच्या चाळीत एका खोलीत राहणाऱ्यांसाठी ही केवढी मोठी बातमी! अशा खाटा रिकाम्या झाल्या. त्यात आत्मे कसले शोधताय?

आपल्याकडची मनोरुग्णालयं मात्र ओस पडलेली नाहीत. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, चारही चालू आहेत. ‘याला येरवड्याला पाठवा’ हे आपण चहाच्या टपरीवर हसत म्हणतोच. अशा ठिकाणी बरी झालेली माणसंही अडकून पडतात, कारण न्यायला कुणी येत नाही. कधी तर भरती करतानाच पत्ता खोटा लिहिलेला असतो. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो, घरचे घेत नाहीत एवढ्या कारणावरून कुणाला आत ठेवता येणार नाही. साखळीने बांधायलाही त्यात बंदी आहे. २००१ साली तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवायच्या जागेला आग लागली तेव्हा साखळदंडात असलेल्यांना पळताच आलं नाही, २८ जण गेले. हॉरर म्हणून एरवाडी कुणी शेअर करत नाही.

फोटो काढूच नयेत असं नाही. न्यूयॉर्क राज्यातलं विलार्ड मनोरुग्णालय १९९५ मध्ये बंद होताना माळ्यावर पेशंटच्या चारशेच्या आसपास सुटकेस सापडल्या. छायाचित्रकार जॉन क्रिस्पिन यांनी त्या उघडून एकेकीचे फोटो काढले. आत कपडे, पत्रं, रोजच्या वापरातल्या वस्तू. त्यात एकही भूत नाही, बॅग भरून आलेला माणूस दिसतो. मात्र गोपनीयतेच्या नियमामुळे पेशंटची पूर्ण नावं देता आली नाहीत. तिथल्या दफनभूमीतही नावाऐवजी नंबर होते. नातवंडांना नाव हवं असेल तर ते द्यायला हवं, असं माझं मत.

पण हे मत आपल्या ग्रुपवाल्यांनी सोयीने वापरू नये. जुन्या दवाखान्यात शूटिंगला गेलात आणि केसपेपरचा गठ्ठा पायात आला, तर तो कॅमेऱ्यासमोर धरू नका. आडनाव आणि पेठ दिसली की सोलापुरात घर सापडायला दहा मिनिटं लागत नाहीत, आणि त्या घरात कुणाचं तरी लग्न जमवायचं चालू असतं.