मोरिन्यो ‘नुसता दुभाषी’ होता म्हणे!

काल रात्री भाच्याने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. त्यातली गोष्ट अशी: पोर्तुगीज फुटबॉल कोच जोझे मोरिन्यो कधी फुटबॉल खेळला नाही, शिकला नाही, कोचशेजारी उभा राहून नुसतं भाषांतर करायचा, आणि एका रात्रीत युरोपचा विजेता झाला. नऊ वर्षं घरच्या मैदानावर एकही सामना हरला नाही. शेवटी, ‘डिग्री नको, जिद्द हवी!’ त्याखाली भाच्याचा प्रश्न: ‘मामा, मग बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) कशाला करायचं?’

पोरगा कोल्हापुरात पेठेच्या संघाकडून खेळतो, त्याला कोच व्हायचंय. हाच मेसेज याआधी तीनदा आला, तेव्हा सोडून दिला होता. आता नाही सोडणार.

‘शिकला नाही’ हे सगळ्यात धडधडीत खोटं. आईने त्याला बिझनेस स्कूलमध्ये घातलं होतं, ते त्याने पहिल्याच दिवशी सोडलं हे खरं. पण सोडून तो गेला कुठे? लिस्बनच्या शारीरिक शिक्षण संस्थेत, क्रीडाशास्त्र शिकायला. ते शिक्षण पूर्ण करून त्याने शाळांमध्ये पीटी शिकवली, स्कॉटलंडला जाऊन कोचिंगचे कोर्स केले. म्हणजे बाळा, तू जे सोडायला निघालायस, जवळजवळ तेच त्याने केलं! ही संस्था लिस्बनच्या तांत्रिक विद्यापीठाचा भाग होती, आणि त्या विद्यापीठाने 2009 च्या मार्चमध्ये त्याला मानद डॉक्टरेट दिली. आपल्याच जुन्या विद्यार्थ्याचा विद्यापीठ असा गौरव करतं, तेव्हा ‘अशिक्षित मोरिन्यो’ आणायचा कुठून?

‘खेळला नाही’ हेही खोटं. रिओ आव्ह, बेलेनेन्सेस, सेसिंब्रा या क्लबांकडे होता तो. मोठा खेळाडू झाला नाही, एवढंच. वडील फेलिक्स गोलकीपर, पोर्तुगालकडून खेळलेले आणि नंतर कोच. घरातच फुटबॉल होता.

दुभाषी होता, हे मान्य करावंच लागेल. 1992 मध्ये इंग्लिश कोच बॉबी रॉब्सन स्पोर्टिंग लिस्बन क्लबला आले तेव्हा तो त्यांचा दुभाषी झाला. पण त्याआधीच त्याने सेतुबालमध्ये मुलांच्या संघांना शिकवलं होतं, एस्त्रेला दा अमादोरामध्ये सहायक म्हणून काम केलं होतं. रॉब्सन त्याच्याकडून प्रतिस्पर्धी संघांचे अहवाल लिहून घेत. त्यांच्यासोबत तो पोर्तोला गेला, 1996 मध्ये बार्सिलोनाला गेला, आणि ते गेल्यावरही लुई व्हॅन गाल यांच्या हाताखाली तिथेच राहिला. दोन मोठ्या कोचांच्या बाजूला आठ वर्षं. ‘नुसतं भाषांतर’ करणाऱ्याला कुणी इतकी वर्षं ठेवत नाही.

‘एका रात्रीत’चं काय बोलायचं! मुख्य कोच म्हणून पहिलं काम 2000 मध्ये बेनफिकात, तेही जेमतेम तीन महिने. मग लेइरिया, मग 2002 च्या जानेवारीत पोर्तो. मोनॅकोला 3-0 हरवून चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकली 2004 मध्ये. रॉब्सनच्या शेजारी उभा राहिल्यापासून बारा वर्षं झाली ही.

राहिली नऊ वर्षांची गोष्ट. विक्रम खरा आहे, पण तो फक्त देशांतर्गत लीगमधला. 2002 च्या फेब्रुवारीपासून 2011 च्या एप्रिलपर्यंत घरच्या मैदानावर 150 लीग सामने तो हरला नाही. चॅम्पियन्स लीगचं तसं नाही. 2006 मध्ये बार्सिलोनाने इंग्लंडच्या चेल्सी क्लबला त्यांच्याच मैदानावर 2-1 हरवलं, आणि तेव्हा चेल्सीचा कोच मोरिन्योच होता.