डॅलसचा फोन, मंगळवार पेठेची रेंज

माझा भाचा डॅलसला असतो. मागच्या दिवाळीला आला तेव्हा बॅगेतून एक फोन काढून त्यानं माझ्या हातात ठेवला. "मामा, मी नवा घेतला. हा माझाच आहे, पण एक ओरखडा नाही बघा." काळाकुळकुळीत, आरशासारखा, पाठीवर तीन डोळे. पुढचे चार दिवस मी तो खिशात न ठेवता हातातच ठेवत होतो. शर्टाच्या खिशात तो दिसत नव्हता, आणि न दिसणारा अमेरिकन फोन काय करायचा?

भाचा परत गेला आणि मी माझं सिम त्यात घातलं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. तिचा अर्थ साधारण 'तू कोण?' असा होता.

आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीत मोबाईलची दुकानं रांगेनं आहेत. त्यातल्या एका दुकानातल्या पोराकडं मी नेहमी जातो. त्यानं फोन उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाला, "काका, लॉक हाय. तिकडच्या कंपनीनं हप्त्यावर दिलेला असणार. त्यांनी सोडल्याबिगर दुसरं सिम घेत न्हाई." मग भाच्याला निरोप, त्याचे तिकडं मेल, इकडं माझी रोजची विचारणा. तीन आठवड्यांनी कुलूप निघालं. ते सोडा, खरी गोष्ट त्यानंतरची.

कुलूप निघालं तरी रेंज धड येईना. पोरानं सेटिंगमध्ये जाऊन मॉडेल नंबर काढला, आपल्या फोनवर काहीतरी शोधलं आणि दीर्घ श्वास घेतला. अंबाबाईच्या रांगेत तीन तास उभं राहिल्यावर गाभारा बंद झाला की माणूस घेतो तसा.

"काका, ह्याचं बँडच येगळं हायत. म्हंजी रेंज ज्या लहरींवर येती त्या पट्ट्या."

"पण हाच फोन इथं मिळतो की! माझ्या साहेबांकडं आहे."

"नाव तेच. आतला माल येगळा. पुण्यात 'कोल्हापुरी मिसळ' असा बोर्ड असतोय, तसं."

हे मात्र मला एका झटक्यात समजलं.

मग त्यानं कागदावर आकडे मांडले. आपल्याकडं फोरजी चालतं ते मुख्यतः १८००, २३००, ९००, ८५० अशा मेगाहर्ट्झवर. त्यांना बँड ३, ४०, ८, ५ म्हणतात. अमेरिकेत २, ४, १२, १३, ६६, ७१ असली मंडळी. माझ्या फोनच्या यादीत ३ नाही, ८ नाही, ४० तर नाहीच. पाठीवर फाइव्हजी लिहिलंय खरं, पण आपलं फाइव्हजी बरंचसं ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचं, आणि ह्या फोनची धाव तिथवर नाही. दोन्ही याद्यांत मिळून एकच नाव सापडलं. बँड ५, म्हणजे ८५०.

मला लहानपणीचं मिरज स्टेशन आठवलं. आजीला पंढरपूरला जायचं असलं की कोल्हापुरातून मोठ्या गाडीनं मिरजेपर्यंत आणि तिथं उतरून बार्शी लाईटच्या छोट्या गाडीत. तिचे रूळ जेमतेम अडीच फुटांचे. वळकटी, तांब्या, दशम्यांची पिशवी असं सगळं एका फलाटावरनं दुसऱ्यावर. मी आजीला विचारायचो, आपलीच गाडी पुढं का जात नाही? ती म्हणायची, "तिची चाकं रुंद, बाबा." माझ्या हातातल्या इंजिनाची चाकंही डॅलसच्या मापाची होती.

तरी तो एक बँड कामाचा निघाला. पोरगं म्हणालं, "गणपतीत डॉल्बी वाजतोय तवा घरात काय ऐकू येतंय? नुसतं धप् धप्. गाणं भिंतीबाहेरच ऱ्हातंय. तसंच हे. खालचा बँड, म्हंजी कमी मेगाहर्ट्झचा, भिंतीतनं आत येतोय, वरचा भाईरच अडतोय." आमचं घर मंगळवार पेठेतलं जुनं, भिंती दीड हात जाड. घरी येऊन बघतो तर माजघरात दोन काड्या! मी बायकोला बोलावून दाखवल्या. नेट मात्र धाप लागल्यासारखं चालायचं. आवाका लांब असला तरी ह्या बँडची वाट अरुंद, आणि संध्याकाळी सगळी पेठ त्याच बोळातून निघालेली.

पण चाललं. व्हॉट्सॲप आलं, रंकाळ्याचे फोटो गेले. आठ दिवस मी विजयी होतो.

नवव्या दिवशी सकाळी पतसंस्थेचा शिपाई दारात.

"साहेबांनी बघून यायला सांगितलंय."

"काय बघून?"

"तुम्ही हाय का ते."

कर्जाचा हप्ता चार दिवस थकला होता, तो माझा विसरभोळेपणा. त्यासाठी ते मला तीन दिवस फोन लावत होते आणि प्रत्येक वेळी बाई सांगत होती की मी संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. मी बिंदू चौकात होतो! थकलेला हप्ता आणि लागत नसलेला फोन ह्या दोन गोष्टी जुळल्या की पतसंस्थेत काय अर्थ काढतात ते मी सांगायला नको. जामीन राहिलेला मित्र तर आदल्या रात्रीच माझ्या सासुरवाडीला चौकशी करून आला होता.

"फोन लावून लावून दमलो मी," आतून बायको म्हणाली. (आमच्याकडं बायका 'दमलो'च म्हणतात, पुणेकरांनी दचकू नये.) "परवा गंगावेशीत दुधाला गेलात, तर विरजणाला दही आणा म्हणून सांगायचं होतं. माझ्या साध्या फोनवरनं दहा वेळा लावला."

परत राजारामपुरी. आता पोरगं मला बघून स्टूल पुढं करायला लागलं होतं. त्यानं सांगितलेलं असं, की पूर्वी बोलणं टूजी-थ्रीजीवरनं जायचं आणि नेटची वाट वेगळी होती. फोरजीत बोलणंही नेटच्याच पोटातनं जातं, त्याला व्होल्टी म्हणतात. पण त्यासाठी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपनीची नोंद लागते. माझ्या फोनमध्ये अमेरिकेतल्या कंपन्यांच्या नोंदी होत्या. आपल्याकडची एकही नाही. म्हणजे मतदान केंद्रात शिरलो, रांगेत उभा राहिलो, बोट पुढं केलं आणि यादीत नावच नाही.

"मग ह्यात फोन करायचा कसा?"

"टूजी चालू असलेल्या कंपनीचं सिम घाला. बोलणं टूजीवर जाईल."

घातलं. आवाज खणखणीत! पण नेट म्हणाल तर कोपऱ्यात इंग्रजी 'ई' हे अक्षर, म्हणजे टूजीच्या संथ नेटची खूण, आणि फोटो उघडेपर्यंत चहा निवायचा. एका सिमवर नेट होतं, आवाज नव्हता. दुसऱ्यावर आवाज होता, नेट नव्हतं. फोनला खाच एकच.

मग माझं वेळापत्रक ठरलं. सकाळी बोलण्याचं सिम, संध्याकाळी नेटचं. बँकेचा ओटीपी यायचा असेल तर मधेच अदलाबदल. सिम काढायची पिन पहिल्याच आठवड्यात हरवली. सेफ्टी पिन जाड पडली, टाचणी वाकली. शेवटी बायकोच्या डुलाची तार बरोबर बसली. महिनोन्महिने माझ्या खिशात एका कानाचा डूल असायचा, आणि ऑफिसात तो खाली पडला त्या दिवशीचं स्पष्टीकरण मी आजही देतोय.

भाच्याचा दर रविवारी फोन. "मामा, फोन कसा चाललाय?" मी म्हणायचो, "एक नंबर!" हे मी बायकोच्या फोनवरनं म्हणायचो. एका रविवारी तिनं माझ्या हातातून फोन घेऊन सगळं सांगून टाकलं. डुलासकट.

भाचा हळवा. ह्या दिवाळीला आला तो नवंकोरं खोकं घेऊन. "मामा, ह्या वेळी मी सगळं तपासून आणलंय. थेट कंपनीच्या दुकानातून घेतलाय, लॉक नाही. ३, ५, ८, ४० आहेत, फाइव्हजीचे तुमचे बँडही आहेत. व्होल्टीची पण खात्री केलीय."

मला भरून आलं. नरकचतुर्दशीची पहाट, अंगाला उटण्याचा वास, समोर फराळाचं ताट. मी जुन्या फोनमधलं एक आणि खिशातलं दुसरं अशी दोन्ही सिमं काढून पाटावर मांडली, डूल हातात घेतला आणि नवा आयफोन उचलला. डावी कड बघितली. उजवी बघितली. खालची, वरची. चष्मा लावून पुन्हा डावी.

"काय शोधताय सकाळी सकाळी?" बायकोनं विचारलं.

"भोक."

भाच्याच्या हातातली चकली तोंडाजवळ थांबली. "अरे, हो... मामा, २०२२ पासून अमेरिकेतल्या आयफोनला सिमची खाचच नसते. तिकडं ई-सिम असतं, कार्डाशिवायचं, फोनच्या आतच."

'ई' म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. बायकोनं हात पुढं केला आणि म्हणाली, "आणा तो डूल इकडं. भाऊबीजेला लागतोय."