दारा शुकोहचे एकत्व आणि नाथांचे भांडण

‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज बोलले जाते, की ते बोलणाऱ्याने परक्या परंपरेचा एखादा तरी ग्रंथ उघडला आहे का, हे कोणी विचारत नाही. माझी तक्रार या स्वस्ताईबद्दल आहे.

दारा शुकोहने हेच मत कष्टाने मिळवले होते. शाहजहानच्या या थोरल्या मुलाने १६५५ च्या सुमारास ‘मज्मा-उल-बहरैन’, म्हणजे दोन समुद्रांचा संगम, हा ग्रंथ लिहिला आणि १६५७ मध्ये काशीच्या पंडितांना व संन्याशांना हाताशी धरून पन्नास उपनिषदे ‘सिर्र-इ-अकबर’ या नावाने फारसीत आणली. (दारा गादीवर बसला असता तर, ही चर्चा तूर्त बाजूला ठेवू; १६५९ मध्ये त्याला ठार मारले गेले, त्यामागे धर्मापेक्षा वारसायुद्ध कमी नव्हते.) पण इतके परिश्रम घेऊनही उपनिषदांत त्याला दिसले ते कुराणात उल्लेखलेले गुप्त पुस्तक, आपल्या ग्रंथाचा उलगडा करणारे म्हणूनच ते त्याला प्रिय झाले. पुढे आंकेतील-द्युपेराँ या फ्रेंच विद्वानाने त्या फारसी अनुवादाचे लॅटिन केले, १८०१-०२ मध्ये ते छापले गेले, आणि ते वाचून भारावलेल्या शोपेनहाउअर या जर्मन तत्त्वज्ञाला तिथे स्वतःच्याच तत्त्वज्ञानाचा आधार सापडला. प्रत्येक वाचकाला वैश्विक ज्ञान आपल्याच घरच्या रूपात भेटावे, हा मला योगायोग वाटत नाही.

म्हणून मला पैठणच्या एकनाथांचे ‘हिंदू-तुर्क संवाद’ (तुर्क म्हणजे इथे मुसलमान) हे भारूड अधिक मोलाचे वाटते. ते दाराच्या कितीतरी आधीचे, सोळाव्या शतकातले. त्यात दोघे एकमेकांच्या देवाची, ग्रंथांची, सोवळ्याओवळ्याची आणि उपासनेची मनसोक्त टर उडवतात, आणि समेट होतो तो या भांडणानंतर. तुर्काचे टोमणे बोथट केलेले नाहीत. उलट हिंदूच्या कर्मकांडावरचे काही वार इतके वर्मी बसतात, की आज ते कोणी नव्याने लिहिले तर त्याच्यावर मोर्चा निघेल. मतभेद एवढा मोकळा बोलून झाल्यावर आलेल्या एकत्वावर विश्वास ठेवावासा वाटतो. अर्थात दोन्ही पात्रांची लेखणी नाथांच्याच हातात होती, आणि समेटाची भाषाही बरीचशी नाथांच्याच वेदान्ताची आहे, हे मान्य करावे लागते.