‘शांतारामबापूंचे गुरू’, बस एवढंच?

आज मराठी सिनेमाच्या इतिहासावर तासभर भाषण ऐकलं. फाळके झाले आणि गाडी थेट ‘प्रभात’ फिल्म कंपनीवर. बाबूराव पेंटर? अर्धं वाक्य. ‘शांतारामबापूंचे, म्हणजे दिग्दर्शक व्ही. शांतारामांचे गुरू.’ टाळ्या. नंतर गाठून विचारलं तर वक्ते म्हणतात, वेळ कमी होता. डोकंच फिरलं.

अहो, त्या माणसाने कॅमेरा स्वतः घडवला! बाबूराव आणि आनंदराव, नाटकांचे पडदे रंगवणारे कोल्हापूरचे हे दोन भाऊ. आनंदराव 1916 मध्ये गेले, तरी बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. पैसा लावला तानीबाई कागलकर या गायिकेने. त्यांना तर अर्धं वाक्यही नाही! फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती पुरुषाने केली होती, बाबूरावांच्या 1920 च्या ‘सैरंध्री’त बायकांची कामं बायकांनी केली. टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं ते काय उगाच?

आमचे आजोबा कागलकडचे. पोरवयात त्यांनी बाबूरावांचा 1925 चा मुका ‘सावकारी पाश’ पाहिला. सावकार जमीन गिळतो, शेतकरी शहरात जाऊन गिरणीत राबतो. तो शेतकरी म्हणजे तरणे शांताराम. घरी आल्यावर पणजीने विचारलं, “कुठल्या द्येवाचा हुता रं?” आजोबा म्हणाले, “द्येव न्हवता. आपुनच हुतो.” आमचं रान तेव्हा सावकाराकडेच पडलेलं.

सगळीकडे पुराणकथा चालत असताना हा माणूस नारायण हरी आपट्यांची गोष्ट घेऊन कर्जबाजारी कुणबी पडद्यावर आणतो, आणि आम्ही त्याची ओळख शिष्यावरून करून देतो!

बरं, मान्य. बाबूराव लहरी होते, धंदा त्यांचा नव्हे. दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम 1929 मध्ये त्यांच्या कंपनीतून बाहेर पडले आणि ‘प्रभात’ काढली, त्यांचंही फार चुकलं असं नाही. आणि ‘प्रभात’चे बोलपट बाबूरावांच्या बोलपटांपेक्षा सरस, हे मीही नाकारत नाही. 1936 मध्ये बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा केला, बोलका. आजोबा तोही बघून आले आणि म्हणाले, “लई बोलत्यात.” मुका मात्र ते म्हातारपणीही प्रसंगाप्रसंगाने सांगायचे, हातवारे करून. सांगताना मध्येच सावकाराला शिवी घालायचे, पडद्यावरच्या की आमच्या, कोण जाणे.

एक गोष्ट बरी वाटते. 1947 मध्ये ‘लोकशाहीर राम जोशी’ करताना शांतारामबापूंनी दिग्दर्शनाला बाबूरावांनाच सोबत घेतलं. त्यांना तरी जाणीव होती.

तो मुका ‘सावकारी पाश’ आता बघायची सोय नाही. तेव्हा कोल्हापूरकरांनो, तुमच्या आज्या-पणज्याने त्याबद्दल काही सांगितलं असेल तर खाली लिहा. त्यांच्या भाषेत लिहा, शुद्धलेखन गेलं खड्ड्यात.