तात्या, ‘हळू ये’ हाच सल्ला घातक आहे

गुरुवारी तात्यांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज ढकलला. वर जोडलेले हात, खाली ‘पालकांनो, सावध व्हा’. मजकूर थोडक्यात असा : ऑस्ट्रेलियात घरी बनवलेलं नकली स्पिटफायर (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) उतरताना कोसळलं, कारण ते प्लायवूडचं होतं. खरं असतं तर पडलंच नसतं. वैमानिकाने वेग आणखी कमी केला असता तर वाचला असता. भारतात या उद्योगांना बंदी आहे तेच बरं.

एरवी मी सोडून दिलं असतं. पण भाचा सध्या विमान चालवायला शिकतोय, आणि मेसेज वाचून ताईने त्याला लगेच फोन केला, “उतरताना हळू ये रे बाबा.” आता गप्प कसं बसायचं?

अपघात झाला होता, ते खरं. १७ मार्च २०१३, ॲडिलेडजवळचा पॅराफिल्ड विमानतळ. मूळ स्पिटफायरच्या ८० टक्के आकाराचं विमान, वैमानिकाचा मृत्यू. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने (एटीएसबी) चौकशी केली. त्यांचा निष्कर्ष असा की विमान उतरायला येताना स्टॉल झालं आणि सावरायला लागते तेवढी उंची खाली उरली नव्हती.

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे, तात्या! विमान हळू करायचं तर नाक वर धरावं लागतं. तसं करत गेलं की एका कोनानंतर हवा पंखाला धरून वाहत नाही, आणि पंखाची उचल जाते. वळणात तर हे आणखी लवकर होतं. उंची न सोडता ६० अंश झुकून वळलात तर पंखांवर दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग ४१ टक्क्यांनी वाढतो. सरळ उडताना जे विमान ५० नॉटला (नॉट हे विमानाच्या वेगाचं माप) स्टॉल होतं, ते त्या वळणात ७० नॉटलाच होईल. म्हणून उतरायला येताना वैमानिक स्टॉलच्या साधारण १.३ पट वेग राखतात आणि तो जिरवतात अगदी शेवटी, चाकं धावपट्टीच्या हातभर वर आल्यावर. वेग कमी म्हणजे सुरक्षित, हा स्कूटरचा हिशेब. तो हवेत लावला तर पोरगं जाईल जिवानिशी.

प्लायवूडचं म्हणाल, तर या विमानाचा सांगाडा आणि पत्रा ॲल्युमिनियमचा. उलट दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो, अस्सल लढाऊ विमान, प्लायवूडचंच होतं.

‘खरं असतं तर’ यात मात्र अर्धं तथ्य आहे, कबूल करतो. मूळ स्पिटफायर स्टॉल होण्याआधी चांगलं थरथरून वैमानिकाला जागं करायचं. या प्रतिकृतीत स्टॉलचा इशारा देणारं यंत्र नव्हतं, आणि नियमाने ते सक्तीचंही नव्हतं. त्याच मंडळाच्या १९८८ ते २०१० च्या अभ्यासात हौशी लोकांनी बांधलेल्या विमानांचं अपघातांचं प्रमाण कारखान्यातल्या तशाच विमानांच्या तिप्पट निघालं. तेव्हा धोका आहेच. पण खरी विमानं काय सोवळी होती? स्पिटफायरचं नाक इतकं लांब की समोरची धावपट्टी दिसायची नाही, म्हणून वळत वळत उतरायचे. जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ ची चाकं इतकी जवळजवळ की कितीतरी विमानं लढाईत नाही, उतरताना मोडली.

भारतात बंदी? कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांचं नाव तात्यांनीच मला पहिल्यांदा सांगितलं होतं. त्यांच्या विमानाची २०१७ मध्ये रीतसर नोंदणी झाली. वर्षानुवर्षं खेटे घालावे लागले, तो भाग वेगळा.

ताईला सांगून झालंय, ‘हळू ये’ नको, ‘वेग सांभाळ’ म्हण. तात्यांनी माझ्या उत्तराला अंगठा दिलाय. मूळ मेसेज मात्र अजून तिथेच आहे, आणि कालच सोसायटीच्या ग्रुपवरही आला.